बाबांचा कॉम्प्युटर रात्री बंद होत नाही (आणि सकाळी आपोआप चालू सापडतो)

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. वाईला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं. मशीन २०१० साली असेंबल करून घेतलेलं: कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज ७, ३२ बिट. दिवसभर लोण्यासारखं चालतं. रात्री शटडाऊन दिलं की 'शटिंग डाऊन' असं येतं, ते गोल चक्र फिरत राहतं आणि बाबा वैतागून सीपीयूचं बटण दाबून धरतात. कधी कंटाळून तसाच सोडून जेवायला बसले आणि मग झोपले, तर सकाळी कॉम्प्युटर चालू असतो! पासवर्ड मागत उभा. आई म्हणते, भूत आहे.
हे रोज होत नाही, हीच मोठी पंचाईत आहे. मी पुण्यात असते, त्यामुळे सगळं फोनवरून. गावातला मेकॅनिक दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा त्याच्यासमोर शहाण्यासारखा बंद झाला. काय करू?

बिनधास्त_बेडूक
फॉरमॅट मारा. विषय संपला.

मधली_सुट्टी
+१. नाहीतर नारळ फोडा.

स्क्रूड्रायव्हर
फॉरमॅट नंतर, आधी निदान. तीन प्रश्न.
अडकतो तेव्हा नक्की कोणता स्क्रीन असतो? 'वेटिंग फॉर प्रोग्रॅम्स टू क्लोज' आणि खाली 'फोर्स शटडाऊन'चं बटण दिसत असेल, तर एखादा प्रोग्रॅम हटून बसलाय. नुसतं 'शटिंग डाऊन' आणि चक्र असेल, तर प्रोग्रॅम केव्हाच बंद झालेत, भानगड त्याच्या खाली आहे.
दुसरं, हे कधीपासून? आणि तेव्हा काय नवीन जोडलं किंवा इन्स्टॉल केलं?
तिसरं, विंडोज कोलमडलं की येतो तो निळा स्क्रीन कधी दिसला का?

शाईचा_डाग
@स्क्रूड्रायव्हर, नुसतं चक्र. दिवाळीपासून. नवीन काहीही जोडलेलं नाही, बाबांना विचारलं. निळा स्क्रीन कधीच नाही.

लोखंडी_कपाट
एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेलाय. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. बाजूचं झाकण काढून मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा, डोकी फुगली असतील तर आटोपला कारभार. २००० नंतरच्या कित्येक बोर्डांवर खराब कपॅसिटर आले होते.

स्क्रूड्रायव्हर
कपाटराव, एसएमपीएस गेला असता तर दिवसा प्रिंट काढताना मशीन पडलं असतं. फक्त बंद होतानाच अडणं हे त्याचं लक्षण नाही. धूळ मात्र झटकून घ्या, पुण्य लागेल.

आजोबा_ऑनलाइन
तुम्हा मुलांना कौतुक नाही. आमच्या विंडोज ९५ वर शटडाऊन दिलं की काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरांत यायचं, 'इट्स नाऊ सेफ टू टर्न ऑफ युवर कॉम्प्युटर'. मग खुर्चीवरून उठायचं आणि खटका आपण दाबायचा. कॉम्प्युटर आज्ञा मागायचा, आपण द्यायचो. ९८ च्या सेकंड एडिशनमध्ये तर बंद होण्याचा इतका घोळ होता की मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळं दुरुस्तीचं पॅकेज काढावं लागलं, नावातच 'शटडाऊन'. तेव्हा हा रोग पुरातन आहे. मी बँकेत असताना एका शाखेत

आजोबा_ऑनलाइन
मागचा प्रतिसाद अर्धाच गेला. असो, ती गोष्ट मोठी आहे.

मधली_सुट्टी
आजोबांचा प्रतिसादसुद्धा नीट शटडाऊन झाला नाही.

कुलूपकिल्ली
मूळ प्रश्न बाजूला ठेवून विचारतो: विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. ते मशीन नेटवर आहे का? असेल तर बंद होत नाही ही चिंता दुय्यम आहे. नवा घ्या.

शाईचा_डाग
नवा घ्या आणि फॉरमॅट मारा म्हणणाऱ्या सगळ्यांना एकत्र सांगते. बाबांचं काम पेजमेकर ७ वर आहे आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं. त्याचं लॉक (कॉपी करून कुणी वापरू नये म्हणून सॉफ्टवेअरबरोबर येणारी खोचायची डबी) मागे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये लावलेलं आहे. ते काढलं की मराठी अक्षर उमटत नाही. सीडी २०१९ च्या पुरात भिजली. आणि वीस-बावीस वर्षांच्या फायली आहेत. तालुक्यातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाच्या पत्रिका त्यात आहेत, आता त्यांच्या मुलांच्या करायला लोक येतात आणि म्हणतात, "काका, आमच्या वेळची होती तश्शीच करा."

अनुस्वार
हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, नाहीत. तेव्हा प्रत्येक फॉन्ट कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने 'क', वेलांटी, रफार बसवले होते. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची भेळ दिसते. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटीपाशी हमखास शेण खातात, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची. मी एक दोनशे पानांचं स्थानिक इतिहासाचं पुस्तक असं सोडवलं. 'कीर्ती' शब्द किती वेळा हाताने दुरुस्त केला, विचारू नका.
पेजमेकर ७ आला २००१ मध्ये आणि तोच शेवटचा. तरी आजही अर्ध्या महाराष्ट्राच्या पत्रिका त्यावरच होतात, हे बाहेर कुणाला सांगितलं तर हसतील.

न्यूजर्सीकर
जुनी सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका. नवा लॅपटॉप, त्यात विंडोज ७ ची खिडकी. मी ऑफिसचं जुनं अकाउंटिंग असंच चालवतो, गेली सहा वर्षं तक्रार नाही.

अनुस्वार
आणि ते रुंद पोर्टचं लॉक लॅपटॉपला कुठे खोचायचं? नाकात?

न्यूजर्सीकर
यूएसबी-टू-पॅरलल केबल मिळते.

अनुस्वार
त्या केबलवर प्रिंटर चालतो. लॉक चालत नाही, ते पोर्टशी थेट बोलतं. दोन केबल घेऊन बसलोय, हव्या असतील तर पाठवतो.

न्यूजर्सीकर
बरं, मान्य. ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती.

सोलापुरी_चादर
मला वेगळंच आठवतंय. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज ७ वाल्यांना शटडाऊन दिलं की 'तुम्हाला हा कॉम्प्युटर बंद करायची परवानगी नाही' असा मेसेज यायला लागला होता. स्वतःच्या घरात! सपोर्ट संपून महिनाही झाला नव्हता. लोक कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून तिथल्या बटणाने बंद करायचे. तसं काही आहे का?

स्क्रूड्रायव्हर
नाही, तिथे शटडाऊन सुरूच व्हायचं नाही. इथे सुरू होतंय आणि शेवटच्या पायरीवर अडतंय.
ताई, 'सकाळी चालू सापडतो' हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. माझा अंदाज असा: दहा-एक मिनिटं अडकून शेवटी निळा स्क्रीन येतो. पण विंडोजमध्ये 'क्रॅश झालं तर आपोआप रीस्टार्ट कर' हे आधीपासून चालू असतं. म्हणून निळा स्क्रीन दोन क्षण चमकतो आणि मशीन परत उठतं. तेव्हा बाबा जेवत असतात.
कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, स्टार्टअप अँड रिकव्हरीमधलं सेटिंग्ज, आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढायची. मग पुढच्या वेळी अडकला की बटण दाबायचं नाही. वाट बघायची आणि मोबाइलवर फोटो काढायचा.
आणि हे सगळं करण्याआधी हार्ड डिस्कची अख्खी क्लोन कॉपी काढून घ्या. क्लोनझिला फुकट आहे. लॉक पोर्टमध्येच राहतं, त्यामुळे त्याच मशीनला क्लोन केलेली डिस्क लावली तरी काम चालेल. २०१० ची डिस्क, रोज रात्री बटण दाबून मारलेली... मला तर वाचतानाच घाम फुटला.

कुलूपकिल्ली
क्लोनला शंभर टक्के अनुमोदन. नेटवर आहे का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

शाईचा_डाग
काल रात्री फोनवर बाबांकडून ते सेटिंग करून घेतलं. पन्नास मिनिटं लागली, त्यातली वीस 'राइट क्लिक म्हणजे कोणत्या बाजूचं' यात. बाबांना माऊस डाव्या हाताने लागतो आणि त्यांनी बटणं उलटी करून घेतली आहेत, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
क्लोनसाठी भाऊ शनिवारी जाणार आहे.

मधली_सुट्टी
भूत डावखुरं निघालं.

शाईचा_डाग
आला! निळा स्क्रीन आला! बाबा घड्याळ लावून बसले होते, बरोब्बर दहा मिनिटं लागली. फोटोत वर इंग्रजीत 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर', खाली स्टॉपच्या पुढे बरेच शून्य आणि शेवटी ९एफ. कंसात पहिला आकडा ३ आहे.

स्क्रूड्रायव्हर
वा! बाबांना साष्टांग नमस्कार.
आता गंमत ऐका. शटडाऊन म्हणजे रात्रीची शेवटची एसटी समजा. प्रोग्रॅम उतरले, सेवा उतरल्या. मग विंडोज प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला (ते उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) सांगतं, 'चल, वीज बंद करतोय, आवर.' प्रत्येकाने 'आवरलं' म्हणायचं असतं. सगळ्यांचं 'आवरलं' आल्याशिवाय कंडक्टर डबल बेल देत नाही. एखादा ड्रायव्हर उत्तरच देत नाही, विंडोज ७ दहा मिनिटं थांबतं आणि मग हात टेकतं. तेच ९एफ. पहिला आकडा ३ म्हणजे: एक उपकरण निरोप घेऊन बसलंय, परत देत नाही.
म्हणजे रॅम नाही, एसएमपीएस नाही, भूत नाही. एक ड्रायव्हर. कोणता, ते शोधायचं.

आजोबा_ऑनलाइन
एसटीत ड्रायव्हर एकच असतो.

स्क्रूड्रायव्हर
आजोबा, म्हणूनच ती वेळेवर सुटते.

सोलापुरी_चादर
कोणत्या जगात?

गुळाची_ढेप
सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर असेल. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर ती फाइल उघडून दाखवतं, कोण पडलं ते.

शाईचा_डाग
भावाने जाऊन क्लोनही काढला आणि हेही उघडलं. त्यात 'एनटीओएस...' की काहीतरी नाव लाल रंगात आहे. हीच फाइल करप्ट का? नेटवर लोक म्हणतात, विंडोज दुरुस्त करा.

स्क्रूड्रायव्हर
नाही नाही, थांबा! ते विंडोजचं स्वतःचं केंद्र आहे. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराचं नाव कागदावर असतं म्हणून त्याने खून केला असं होत नाही. ९एफमध्ये हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा हवालदाराचंच नाव दाखवतं.

लोखंडी_कपाट
मग लॉकचा ड्रायव्हरच असणार. सगळ्यात जुना तोच आहे. आणि एसएमपीएसबद्दलचं माझं मत मी मागे घेतलेलं नाही.

अनुस्वार
मलाही लॉकचीच शंका. पण ते इतकी वर्षं गुमान होतं, दिवाळीतच का बिघडेल?

गुळाची_ढेप
'रोज होत नाही' हे सगळे विसरले का? ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी वेगळं काय असतं? ते कळलं की संपलं. बाबांना काही आठवतं का?

शाईचा_डाग
@गुळाची_ढेप, तुमच्या प्रश्नाने कमाल केली. बाबा डायरी लिहितात, हे मला माहीत होतं. त्यात हवा-पाणी, कुणाकडून किती आले, कोण गेलं. पण दिवाळीनंतर रोजच्या शेवटच्या ओळीत 'कॉ. बंद' किंवा 'कॉ. अडला' असंही लिहिलंय! काल भावाने फोटो पाठवले. मी आणि नवरा वहीत खुणा करत बसलो.
सात आठवड्यांत एकाही गुरुवारी अडलेला नाही. बाकी दिवशी जवळजवळ रोज. (रविवारी दुकान बंद.)

मधली_सुट्टी
दत्तगुरूंचा वार. मी नारळ म्हणत होतो ना?

बिनधास्त_बेडूक
गुरुवारी फॉरमॅट मारा.

लोखंडी_कपाट
गुरुवारी वीज जाते का तुमच्याकडे? आमच्या इथे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद असते.

शाईचा_डाग
हो! आमच्याकडेही गुरुवारीच सकाळी १० ते दुपारपर्यंत लाईट नसते. पण त्याचा रात्रीशी काय संबंध? त्या दिवशी ते लाईट जायच्या आधी नीट बंद करतात आणि आली की परत चालू करतात.

गुळाची_ढेप
आणि बाकीच्या दिवशी दुपारी जेवायला, वामकुक्षीला जाताना काय करतात?

शाईचा_डाग
स्लीप. बिल वाचतं म्हणून मीच शिकवलं होतं. अरे देवा.

गुळाची_ढेप
सापडलं. एखादं उपकरण झोपेतून उठताना अर्धवट उठतंय. दिवसभर काम करत राहतं, पण विजेचा पुढचा निरोप आला की थिजतं. गुरुवारी दुपारची झोपच नाही, मशीन ताजं चालू होतं, म्हणून रात्री अडत नाही. मेकॅनिक आला तेव्हा त्यानेही आधी रीस्टार्ट मारलं असणार.
स्लीपमधून उठताना बिघडणारी मंडळी बहुधा यूएसबीवाली असतात. मागे काय काय खोचलंय ते परत एकदा विचारा. 'नवीन काही नाही' हे उत्तर मी आयुष्यात कधी मान्य केलेलं नाही.

स्क्रूड्रायव्हर
टोपी काढली. मी त्या 'रोज नाही'कडे साफ दुर्लक्ष केलं होतं.

शाईचा_डाग
डायरी, लक्ष्मीपूजनाचा दिवस, बाबांच्या अक्षरात: "धाकट्याने इंटरनेटचा पेन ड्राइव्ह बसवला. आता मोबाइलवरून फाइल थेट येते. पेढे अर्धा किलो."
वायफायचा डोंगल!! ऑनलाइन घेतलेला, नखाएवढा, कंपनीचं नावही नाही त्यावर. भावाला विचारलं तर म्हणतो, "पण तो तर फक्त नेटचा आहे." बाबांच्या हिशेबी तो पेन ड्राइव्ह, आणि पेन ड्राइव्ह म्हणजे काही 'जोडलेलं' नव्हे.

कुलूपकिल्ली
म्हणजे नेटवर आहे. दिवाळीपासून. मी काय विचारत होतो?

गुळाची_ढेप
आता नीट चाचणी घ्या, नाहीतर नुसताच तर्क राहील. एकदा डोंगल लावलेला असताना स्लीप, मग उठवून शटडाऊन. दुसऱ्यांदा डोंगल काढून तेच. दोन्ही दोन-दोनदा.

शाईचा_डाग
झाली. डोंगलसह: दोन्ही वेळा अडला. डोंगल काढून: दोन्ही वेळा वीस सेकंदांत बंद. बाबांनी डायरीत चारही नोंदी केल्या आहेत आणि खाली 'धाकटा' असं लिहून रेघ मारली आहे.

स्क्रूड्रायव्हर
डोंगल ठेवायचाच असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट आहे. तिथली 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे' ही खूण काढून बघा. पॉवर प्लॅनमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही बंद करा.

शाईचा_डाग
दोन्ही केलं. चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी परत अडला. आता डोंगल काढून टाकलाय आणि राउटरपासून भिंतीवरून लॅन केबल ओढली आहे, गणपतीच्या कोनाड्यामागून. आई केबलच्या रंगावर नाराज आहे.

कुलूपकिल्ली
केबल ओढू नका! नेट तोडाच त्या मशीनचं. फाइल मोबाइलमधून वायरने घ्या. वीस वर्षांच्या पत्रिका आहेत हो तिथे.

अनुस्वार
याबाबतीत कुलूपकिल्ली यांच्याशी सहमत, आणि हे मी फार क्वचित म्हणतो.

शाईचा_डाग
बाबांना सांगितलं. ते म्हणाले, नेट काढलं तर गिऱ्हाईक फोटो कुठे पाठवणार. शेवटी तडजोड: केबल लावलेली राहील, पण फाइल घ्यायची असेल तेव्हाच खोचायची. दोन आठवडे झाले, 'कॉ. बंद' अशाच ओळी आहेत. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः गुळाची_ढेप. पेढे पाठवता आले असते तर पाठवले असते.

लोखंडी_कपाट
एकदा तो एसएमपीएस बघून घ्या.

तीन_तेरा
धागा वर काढतोय. माझं विंडोज १०, शटडाऊन दिलं की बंद होतं, पण अडचणी सकाळी तशाच असतात. रीस्टार्ट दिलं तरच जातात. असं का?

स्क्रूड्रायव्हर
कारण तुमचं 'शटडाऊन' पूर्ण शटडाऊन नाही. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' असतं: विंडोजचं केंद्र डिस्कवर गोठवून ठेवतात आणि सकाळी तेच वितळवतात. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उभं राहतं. शिफ्ट दाबून धरून शटडाऊन द्या, किंवा पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. बाकी प्रश्न असतील तर वेगळा धागा काढा हो, इथे आजोबांची बँकेची गोष्ट राहिली आहे.

आजोबा_ऑनलाइन
हां, तर त्या शाखेत युपीएसला कुणीतरी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली होती